जरिनाचाचीची भिंत

पलूसजवळच्या आमच्या शाळेला मुख्याध्यापक आहेत, पण शाळा चालवते जरिनाचाची. कामाने ती पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. मी गणित शिकवतो, हजेरीही घेतो, पण कोण आलं नाही हे तिला माझ्याआधी कळतं.

दिवाळीनंतर आटपाडीकडून हरिबाची मेंढरं आली की त्याची नात प्रांजल आमच्या वर्गात येऊन बसायची. ऊस तुटलेल्या रानात कळप दोन दिवस बसतो, रानाला खत मिळतं, शेतकरी धान्य देतो आणि कळप पुढे सरकतो. त्याच्यामागे प्रांजलही जायची. पण गेल्या वर्षी ती पाचवीत होती, शिष्यवृत्तीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि तिच्यासारखं गणित वर्गात कुणालाच येत नव्हतं. मी हरिबाला समजवायला गेलो आणि हात हलवत परत आलो.

"एकलीला कुठं ठिवू, गुरुजी? आन् मेंढरं हितंच थांबली तर खात्याल काय?"

त्याचंही खरंच होतं.

हे ऐकून चाचीने पदर खोचला. स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर तिने खडूने यादी लिहिली: शाळेभोवतालची अकरा रानं, परीक्षेपर्यंत कुणाकडे कळप कोणत्या तारखेला. मग घरोघर फिरली. "तुझ्या पोरांनी माझी खिचडी खाल्लीया, आता तू माझं ऐक." नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"चाची, एवढा आटापिटा कशाला?" मी विचारलं.

"मला चौथीतनं काढली तवा कुणी भितीवर लिवलं न्हवतं, सर."



सगळं सुरळीत चाललं असताना, परीक्षेला चार दिवस उरले आणि चाचीनेच घोळ घातला. एकच तारीख तिने बाळासो आणि नानासो, दोघांनाही दिली. दोघं चुलतभाऊ, रानाला रान लागून, आणि मधल्या बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद. कळप आला तेव्हा दोघेही बाह्या सरसावून उभे होते.

हरिबा वैतागला. "भांडणात माझी मेंढरं न्हाई बसवायची. आमी चाललो कराडकडं."

चाचीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात प्रांजलने वाघर ओढत आणली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी.

"चाची, बांधावरनंच लावू की! अर्धी हिकडं, अर्धी तिकडं."

चाचीने जाळीचं एक टोक बाळासोच्या हातात दिलं, दुसरं नानासोच्या.

"ताण की रं जरा," बाळासो पुटपुटला.

"ताणतोय न्हवं! तू कशाला सैल सोडतोस?"

नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. मला हसू आवरेना. "हसताय काय सर, खुट्टी ठोका," चाची माझ्यावरच खेकसली.

हरिबा थांबला. प्रांजलने परीक्षा दिली. निकालात तिचं नाव आलं तेव्हा कळप गावी परतला होता. मी फोन केला, तर हरिबा एवढ्या मोठ्याने ओरडला की मागची मेंढरंही ओरडायला लागली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बाळासो आणि नानासोने स्वयंपाकखोलीला चुना मारायचं काम मागून घेतलं. शाळा उघडली त्या सकाळी चाची त्या खोलीच्या दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. पांढऱ्या भिंतीवर नवी यादी होती. एक अक्षरही तिचं नव्हतं. ज्या त्या शेतकऱ्याने कळपासाठी आपापली तारीख आणि नाव लिहिलं होतं. सगळ्यांत वर होतं 'प्रांजल, सहावी', आणि त्याखाली पहिल्याच तारखेपुढे एका ओळीत दोन नावं: बाळासो, नानासो.