ओल्या डब्यातले नऊ चेहरे

किसनराव खरात आणि मी एकाच गावचे. फुलंब्रीपासून तासाभराच्या पायवाटेवर ते गाव आहे. तरीही आमची ओळख झाली ती चिकलठाण्याच्या कारखान्यात, मी बावीस वर्षांचा असताना. पहिल्या दिवशी पेंट शॉपमध्ये मला त्यांच्या हाताखाली उभे केले गेले. त्यांनी गाव विचारले, माझ्या कपाळावरच्या भंडाऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे मेंढक्या सखारामाचे तुम्ही. मी खालच्या अंगाचा, खरातांचा किसन." मला काही केल्या आठवेना. ते हसले. "नाय आठवायचं. तुमची मेंढरं मला वळखतील. रोज आमच्या दारावरून जायची." त्या दिवसापासून त्यांनी मला 'भगत' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या कारखान्यात तेच नाव पडले.

किसनराव आता साठ वर्षांचे होत आहेत. गौरवसमितीने मला त्यांच्या कलेविषयी लिहायला सांगितले आहे. अंगठ्याएवढ्या माणसांची त्यांनी केलेली दृश्ये आपण सर्वांनी शाळांतून, प्रदर्शनांतून पाहिली आहेत. त्यातले मर्म जाणकार सांगतील. मी फक्त त्यांच्या रंगाच्या एका डब्याविषयी लिहितो, कारण तो डबा माझ्या हातून बिघडला होता.

नामांतराच्या प्रश्नावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात काय झाले, ते या ग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या गावातली खालची वस्ती त्यात जळाली. मी तेव्हा शहरात होतो. आमच्या घरचे कोणी त्या जमावात नव्हते, असे मी बरीच वर्षे सांगत असे. त्या संध्याकाळी आमचे दार आतून बंद होते, एवढेच खरे आहे. वस्तीतली माणसे उठून गेली ती पुन्हा तिथे वसली नाहीत. किसनरावांनी आपल्या आईला, गयाआईंना, मुकुंदवाडीच्या खोलीवर आणले. माझ्याशी त्यांच्या बोलण्यात काही फरक पडला नाही. मीच कित्येक महिने त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो.

काही वर्षांनी गयाआईंच्या डोळ्यांची नस सुकू लागली. डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेली किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. गयाआई म्हणाल्या, "जाऊ दे डोळे. पर त्याच्या आधी एकदा वस्ती बघायची व्हती." वस्तीच्या जागी तेव्हा बाभळी माजल्या होत्या. किसनरावांनी ठरवले, आईची नजर आहे तोवर तिला वस्ती करून दाखवायची. दोन पाटांवर मावतील अशी अकरा घरे आणि शाडूची एकतीस माणसे. आई म्हणेल तो चेहरा, आई म्हणेल तो रंग.

अडचण रंगाचीच होती. शिफ्ट करून आल्यावर उजेडाचा जेमतेम तास हाती लागे. उन्हाळ्यात पोस्टर कलर ताटलीत मिसळून आईला दाखवेपर्यंत त्याची पापडी होई आणि दुसऱ्या दिवशी तोच रंग जुळत नसे. काल ज्या पारूला गयाआई "व्हय, अश्शीच व्हती" म्हणाल्या, तिलाच आज "ही कोण रं बया?" म्हणत.

रंग ओल्या गादीवर ठेवला तर वाळत नाही, असे किसनरावांनी कुणाकडून तरी ऐकले होते. त्यांनी ॲल्युमिनियमचा चपटा डबा घेतला. तळाशी ओल धरणारे काहीतरी, त्यावर कागद, कागदावर रंग. खालची ओल कागदातून वर येत राहते आणि झाकण लावले की रंग दिवसेंदिवस ताजा राहतो. सांगायला सोपे आहे, पण योग्य कागद मिळेना. वर्तमानपत्राचा लगदा झाला. ट्रेसिंग पेपर फुगून वर आला. मेणकागदातून ओल येईचना. शेवटी बेकरीत नानखटाईखाली घालतात तो कागद चालला. बेकरीवाले चाचा दर वेळी म्हणत, "खरातभाई, सब लोगां नानखटाई ले जातें, तुम खाली कागद ले जारे!" आणि एक नानखटाई वर ठेवत.

खालच्या थरासाठी मी गावाकडून घोंगडीचा तुकडा आणून दिला. आमच्या लोकरीसारखे पाणी कोण धरणार, हा माझा अभिमान. चौथ्या दिवशी झाकण काढले तर खोलीत बसवेना. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती सडली होती. धनगराच्या पोटी जन्मून मला हे सुचले नाही. किसनरावांनी तो तुकडा तीनदा उकळला, रंग खरा दिसावा म्हणून त्यावर जुन्या धोतराची पांढरी घडी घातली. माझ्या देवघरातली तांब्याची पळी मोडली होती, तिचा तुकडा मी दिला, तो त्यांनी कोपऱ्यात सारला. तांब्याच्या भांड्यातले पाणी लवकर नासत नाही, एवढे मला पूजेमुळे माहीत होते. डब्याला पुन्हा वास आला नाही.

बावीस माणसे रंगवून झाली आणि नामांतरासाठी सत्याग्रहाची हाक आली. किसनराव रजा मागायला गेले तेव्हा मी शेजारीच होतो.

"कारण काय लिहू?" सुपरवायझरांनी विचारले.

"तुरुंगात जायचंय."

"अहो खरात, असं कुठं लिहितात का? आजारी आहात म्हणून लिहितो."

"आजारी नाय मी, साहेब. सत्याग्रह लिहा."

तसेच लिहिले गेले. पुढे कित्येक वर्षांनी नामविस्तार झाला, तेव्हा निवृत्त झालेल्या त्याच साहेबांच्या घरी किसनराव पेढे घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, त्या रजेचं कारण मंजूर झालं." साहेब पोट धरून हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले.

आपण आत असताना आईची नजर गेली तर काय, ही किसनरावांना धास्ती होती. म्हणून जाण्याआधी दोन दिवस आईला शेजारी बसवून त्यांनी उरलेल्या नऊही जणांचे रंग मिसळून घेतले. एकेका चेहऱ्याचे तीन ठिपके: सावलीतला, मधला आणि उन्हातला. कडेला पेन्सिलीने नाव. गयाआईंनी प्रत्येकाला होकार दिला. त्यांच्या खोलीवरचे पत्रे तापत, म्हणून डबा माझ्या घरी आला. "वाळू देऊ नका, भगत, एवढंच," असे म्हणून ते गेले.

मी वाळू दिला नाही. रोज सकाळी पूजा झाली की तांब्यातले उरलेले पाणी डब्याच्या कडेने सोडत असे. आठ दिवस एकदाही चुकलो नाही. आत काय झाले ते झाकण काढून पाहावे, असेही मला वाटले नाही. देवाच्या पाण्याने काही बिघडेल, हे मनातच आले नाही.

किसनराव सुटून आले. मी डबा पुढे केला. झाकण काढले तर कागद पाण्यावर तरंगत होता आणि सत्तावीस ठिपक्यांचा मिळून एकच गढूळ ओघळ झाला होता. किसनरावांनी झाकण पुन्हा लावले. मग म्हणाले, "भगत, हा डबा हाय. पिंड नाय."

आज रविवारच्या वर्गात ते मुलांना पहिला धडा हाच देतात: गादी दाबली तर बोट ओले व्हावे, पण पाणी वर दिसता कामा नये. हा धडा माझ्यामुळे पहिला झाला, हे बहुतेक मुलांना माहीत नसावे.

आम्ही तसेच गयाआईंकडे गेलो. किसनरावांनी नवा रंग मिसळून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डबा नाकाशी नेला, दाराच्या उजेडाकडे वळवला. "सगळं मातकट दिसतंय रं, किसन. आता तूच लाव." आठ दिवसांत तेवढी नजर गेली होती.

किसनराव माझ्याकडे वळले. "मी पंधराव्या वर्षी गाव सोडलं. माझ्या डोळ्यातली माणसं तवाची. तुम्ही बावीस वर्षं तिथं काढली. सांगा, शेवंता कशी व्हती?"

शेवंताबाई दर सुगीला आमच्या खळ्यावर येत. मला त्यांचे हिरवे लुगडे आठवले, कडेवरचे मूल आठवले. चेहरा आठवेना. किसनरावांनी नऊ नावे घेतली. नऊही वेळा मी नकाराची मान हलवली. एकाच गावात वाढून यातल्या एकाही माणसाच्या तोंडाकडे मी नीट पाहिले नव्हते.

किसनराव तेव्हा मला काहीही बोलू शकले असते. ते उठले, सायकलला हवा मारली आणि म्हणाले, "मग चला, बघून येऊ."

पुढचे पाच रविवार आम्ही डबा घेऊन हिंडलो. वस्तीतली माणसे कारखान्यांच्या मागे मागे पांगली होती. वाळूजला तेव्हा नव्या शेडा उठत होत्या. तिथे शेवंताबाई सिमेंटच्या पाट्या वाहत होत्या. डबा सायकलच्या कॅरिअरवर ठेवून मी धरायचा, बोटाने ओल बघायची आणि किसनरावांनी ठिपका मिसळला की चेहऱ्याकडे पाहून जुळला की नाही ते सांगायचे, असे माझे काम होते.

"काय रं किसन, गाल इकायचा हाय का माझा? आन् जरा उजळ कर की, कोण तपासाया येतंय?"

"आई वळखायची नाय मग."

"मग ऱ्हाऊ दे बाई तशीच." तेवढ्यात त्यांनी मला निरखले. "ह्ये कोण?"

"सखाराम मेंढक्याचा."

त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून ठेवली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमचा च्या चालंल का?" मी चहा घेतला. बारा-पंधरा वर्षे उशिरा घेतलेल्या चहात मोठेपणाचे काही नसते.

नवव्या नावाचे तुकारामबाबा वारले होते. त्यांची मुलगी दौलताबादला किल्ल्याखाली रसवंतीवर होती. तिने आपले मनगट पुढे केले. "बाप ह्याच्याहून उजळ व्हता. शेवटी पिवळा पडला, पर तुम्ही चांगला असतानाचा करा."

सगळी माणसे पाटांवर उभी राहिली तेव्हा गयाआईंना फक्त उजेड आणि सावली कळत होती. बावीस माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती; नऊ राहिली ती राहिलीच. डब्यातले ठिपके शाबूत असते तर ती त्याच आठवड्यात उभी राहिली असती आणि त्यांना अंधुक तरी दिसली असती; ती माझ्यामुळे राहिली. किसनरावांनी त्या नवांतली पहिली बाहुली आईच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाले, "भगत, तुम्ही सांगा."

मी सांगू लागलो. रंग जुन्या गुळासारखा. नाकाच्या शेंड्यावर तांबूस. डाव्या भुवईत खोक, तिथे केस नाहीत.

"विहिरीवर पडली व्हती ती," गयाआई म्हणाल्या. "शेवंता."

मग दुसरा, मग तिसरा. एकदाही मला डब्याकडे बघावे लागले नाही. नववी बाहुली तुकारामबाबांची होती. ती हातात धरून त्या म्हणाल्या, "लेकरा, तुला तर सगळी ठावं हायेत की."

मी ती बाहुली त्यांच्या हातातून घेऊन पाटावर ठेवली. किसनराव ब्रश धुवायला बाहेर गेले होते; ब्रश मघाशीच धुतलेले होते.

मी साधा देवभोळा माणूस आहे. किसनरावांसाठी खंडोबाकडे रोज मागतो तेच इथे सर्वांसमक्ष मागतो. त्यांची नजर अखेरपर्यंत स्वच्छ राहो, हात स्थिर राहो, पाय सायकल मारण्याइतके बळकट राहोत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, आणि आमच्यासारख्यांना त्यांनी अजून पुष्कळ माणसांच्या तोंडाकडे बघायला लावावे.