अनवाणी पायाचा हट्ट

मी चौथी शिकलेला. लिहायला बसलो की हात भरून येतो. पण दत्ताने मला वाचवलं की माझे दिवसच भरले नव्हते, हे अजून उमगत नाही, म्हणून लिहितो.

दत्तजयंतीला रनाळ्याहून सारंगखेड्याला दत्ताच्या जत्रेला अनवाणी जायचं, हा माझा नेम. गाडीने जाणाऱ्यांना मी हसायचो. त्या साली तळव्यात काच घुसली. अंगात साखर, त्यामुळे दुखलं नाही. हळद भरली, फडकं बांधलं. तीन दिवस कणकण होती. बायको म्हणाली, "आधी पाय डॉक्टरले दखाडा, मंग चाला."

"मन्हा पाय शे, मी दखसू," माझं मी बघेन म्हटलं आणि निघालो.

निम्म्या वाटेत, भर उन्हात, दात वाजायला लागले. हापशाजवळ बसलो तो उठवेना. देवाचं नावही आठवेना. तिथे जत्रेला निघालेला एक घोडेवाला घोड्यांचा टेम्पो थांबवून जनावरांना पाणी पाजत होता. त्याने जवळ येऊन माझी पापणी ओढून पाहिली, बरगडीवर हात ठेवला.

"बाबा, घोडा असा धापा टाकायला लागला तर मी त्याला एक पाऊल चालवत नाही."

"नेम मोडेल," मी म्हणालो.

"घोडा तुझ्यापेक्षा शहाणा. थकला की थांबतो तरी."

भांडायला त्राण नव्हतं. त्याने मला उचलून पुढे बसवलं, घोड्याची झूल अंगावर टाकली आणि जत्रेकडे पाठ करून गाडी नंदुरबारला नेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायातले जंतू रक्तात गेलेत. वय, साखर, घरी काढलेले तीन दिवस, सगळं तुमच्या विरुद्ध. आज आलात, एवढंच तुमच्या बाजूने." दोन बोटं गेली, मी राहिलो. शेजारच्या खाटेवर याच दुखण्याचा, माझ्याहून तरणा माणूस होता. त्याला आणायला उशीर झाला. तो गेला. त्याची भक्ती कमी पडली, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

घोडेवाल्याचं नाव विचारायचं राहिलं. दर जत्रेत शोधतो, सापडत नाही. आता एसटीने जातो, चपला देवळाच्या पायरीशीच काढतो. मागायला काही सुचत नाही, नुसता उभा राहतो.

रोज सांजेला बायको कंदिलासारखी बॅटरी धरून म्हणते, "दखाडा." मी गुमान तळवा पुढे करतो. देवाला शरण जाणं मला एवढंच जमलं.