तुरटीचा खांदा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाईट, त्याची आधीच माफी मागते. आमच्या गावात – आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाच्या अलीकडे – मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढे तेलुगू. मी चौथीतच थांबले. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. घरी कोणाला माहीत नाही.

दृष्ट, भानामती असलं मी कधीच मानलं नाही. तुरटी निखाऱ्यावर टाकली की फुगते, हे लहानपणापासून पाहत आले. पापड भाजला की फुगतो, तसंच.

मागच्या वर्षी माझी चार वर्षांची मुलगी तापानं फणफणली. दवाखान्यासाठी शेजारच्या रत्नाबाईनं न मागता आठ हजार रुपये हातावर ठेवले. ती विधवा, अंगणवाडीत खिचडी शिजवायची. पडून हाड मोडल्यापासून तिचा उजवा खांदा वर चढलेला आहे.

मुलीचा ताप उतरला, पण ती जेवेना. सासूबाईंनी तिच्यावरून तुरटी ओवाळून शेगडीत टाकली. अशी तुरटी फुगून दृष्ट लावणाऱ्याचं रूप घेते, असं आमच्याकडे मानतात. खडा फसफसला, पांढरा गोळा झाला... आणि एका बाजूनं वर उचलला गेला.

"पाह्य, खांदा पाह्य! कोनाचा हाय हा? रत्नाबाईचाच ना?" सासूबाई माझ्यावर ओरडल्या. "बोल ना वं, तोंडात मूग भरले काय?"

मी हो म्हणून मान हलवली. एवढंच केलं मी.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायांनी अंगणवाडीतून पोरं काढली, रत्नाबाईचं काम सुटलं. आमच्या घरात तर वेगळंच ठरलं.

"भानामतीवालीचे पैसे काऊन द्याचे?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्यानं मोबाइलमधून डोळेही काढले नाहीत. "राहू दे," म्हणाला. तेव्हा कळलं, यांना खांदा एवढा स्पष्ट का दिसला ते.

तो गोळा तिवाट्यावर टाकायचा असतो. वाट रत्नाबाईच्या दारावरूनच जाते. माझी हिंमत झाली नाही. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीमागं लपवला. दुसऱ्या दुपारी तो बरणीच्या पुढं होता! उंदीर असेल म्हणून मी कोळशानं रेघ ओढली. खिडकीत ऊन आलं... आणि माझ्या डोळ्यांदेखत गोळा रेघ ओलांडून आला. पाटीवर नख ओढावं तसा आवाज. वर चढलेली बाजू माझ्याकडे.

ढगाळ दिवशी तो हलत नसे. ऊन कडक असलं की सरके, आणि फुगेही – लिंबाएवढा होता, पेरूएवढा झाला.

नवऱ्याला दाखवलं.

"उनानं फुगते ते."

"मंग सरकते काऊन? अन् माह्याकडंच काऊन?"

"तुले चष्मा लागून राह्यला."

सासूबाईंनी एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून त्या अंगणात जेवतात. "हिरीत फेक ते!" म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. "आदी तिचे पैसे."

घरातून दमडी मिळाली नाही. मी लोकांचा कापूस वेचायला गेले. हजार जमले की द्यायचे, कधी पाचशे. रत्नाबाई उंबऱ्यावरच पैसे घेई, आत ये म्हणत नसे. पहिल्या खेपेला खांदा माझ्या तोंडापुढं आणून म्हणाली, "नीट पाहून घे. तोच हाय ना?" 

वाटलं होतं, पैसे फिटत गेले की गोळा थांबेल. थांबला नाही. आता खिडकीच्या काठापासून दोन बोटांवर आहे. तो का सरकतो, मला अजूनही कळलेलं नाही. शाळेतल्या मास्तरांना विचारायची लाज वाटते.

मागच्या सोमवारी शेवटचे पाचशे घेऊन गेले. 'मान मी हलवली होती,' एवढं तरी म्हणायचं, असं वाटभर घोकत होते. तिनं नोटा दोनदा मोजल्या. "फिटले सारे," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.