काटेवाल्यांची किटली

एकसष्टाव्या वर्षी काटेवाल्यांनी व्यायाम सुरू केला आणि गल्लीला हसायला निमित्त मिळालं. शिंगं मोडून वासरांत शिरले म्हणे! दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना का आता पैलवान व्हायचं होतं? बायकोला अंथरुणातून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, एवढंच त्यांचं मागणं.

आजारानं तिला अंथरुणाला खिळवलं होतं. आणि तिनं बजावलं होतं, "परक्याचा हात मला लागता कामा नये. तुम्हाला जमेल तोवर खिडकी. नाही जमलं, तर ही भिंत बघत पडेन." पहिल्याच दिवशी तिला उचलताना काटेवाल्यांची कंबर धरली, दोघं जमिनीवर बसली आणि शेजारचे धावत आले. त्या लाजेनं ती दोन दिवस बोलली नाही.

त्यांची पुतणी व्यायामशाळेत शिकवायची. तिनं केटलबेल आणून दिली. लोखंडी गोळा आणि वर धरायला कडी. बायको म्हणाली, "ही कसली बिनतोंडाची किटली? हिच्यात चहा कुठून ओतायचा?"

"काका, पाठ सरळ ठेवा," पुतणी सांगायची. "हातानं ओढू नका. जोर मांड्यांतून आणि कुल्ल्यांतून येऊ दे." कुल्ले म्हटल्यावर बायको तोंडावर चादर घेऊन हसायची. काटेवाले मात्र रोज सकाळी किटली पायांमधून छातीपर्यंत झुलवायचे.

आठ किलोवरून बारा, बारावरून सोळा. वर्षानुवर्षांची कंबरदुखी पळाली, तीन जिने चढूनही धाप लागेना, गंजलेले स्क्रू मुकाट्यानं सुटू लागले. आणि चौथ्या महिन्यात त्यांनी बायकोला असं अलगद उचललं की शेजारीणबाई दारातच थबकल्या.

"बघितलंत?" काटेवाले म्हणाले. "सगळी किटलीची करामत."

करामत कसली, कपाळ! किटलीनं अंगात बळ आणलं होतं, ते खरं. पण या माणसाच्या हाताला पन्नास ग्रॅमचा फरक कळायचा. पहिल्या आठवड्यात हातांनी बायकोचं वजन सांगितलं होतं, अठ्ठावन्न किलो. आता तेच हात एक्केचाळीस सांगत होते. काटेवाल्यांना ते ऐकायचंच नव्हतं. ते आपले सोळाची वीस किलो कधी करायची, हे पुतणीला विचारत बसायचे.

एका दुपारी खुर्चीतून ती म्हणाली, "अहो, खरं सांगा. आता मी किती भरते?"

उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला खोटं वजन सांगितलं नव्हतं.

"अठ्ठावन्न. तू आहेस तेवढीच आहेस. मीच दांडगा झालोय."

ती हळूच म्हणाली, "मग मला उचलताना डोळे का मिटता हो?"

काटेवाल्यांना फार वाईट वाटलं, आपल्या खोटेपणाचं आणि तिला सगळं ठाऊक असल्याचं. उन्हं उतरल्यावर त्यांनी तिला उचललं, या खेपेला डोळे उघडे ठेवून, आणि अंथरुणापाशी नेलं. पण खाली ठेववेना.

"ठेवा आता," ती म्हणाली. "हात भरून येतील."

पूर्वी लगेच भरून यायचे. आता येत नव्हते. ते भरून यावेत म्हणून काटेवाले तिला घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.