विटांचं व्यासपीठ

आमच्या साडूंच्या थोरल्या भावाइतका सेवाभावी माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून सापडणार नाही, आणि सेवा त्यांच्याइतकी लांबणीवर टाकणाराही सापडणार नाही. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांना कामाचा कंटाळा नाही. पण नारळ, प्रमुख पाहुणे आणि सत्कार झाल्याशिवाय काम सुरू करणं म्हणजे त्यांना अंघोळीआधी जेवायला बसल्यासारखं वाटतं. यवतजवळच्या एका वस्तीशाळेला कुणीतरी पाण्याचा फिल्टर दिला, तो पाहुणा मिळेना म्हणून आप्पांनी अख्खा उन्हाळा खोक्यात ठेवला. मुलं घरून बाटल्या आणत होती. मी बोललो, तर मलाच म्हणाले, "पावन्याबिगर तोटी सोडली तर देणाऱ्याचा मान ऱ्हातो का, गुरुजी?"

अशा माणसाबरोबर मी टांझानियातल्या एका खेड्यातल्या शाळेत दहा दिवस सेवेला गेलो, यातच माझी अक्कल दिसली. आमचा बाराजणांचा गट तिथं मुलींसाठी संडास बांधणार होता. तो नसल्यामुळे मुली मोठ्या झाल्या की शाळा सोडत. नीमा नावाची एक उंच मुलगी त्याच बेतात होती. विटा वाहायला सगळ्यांच्या पुढं तीच.

आप्पांच्या बॅगेत कपडे कमी आणि फेटे जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकेला फेटा बांधला, दुसऱ्या दिवशी गवंड्याला, मग स्वयंपाकिणीला आणि ड्रायव्हरलाही. तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे ठरवलं. ते येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून संडासाच्याच विटा रचून आप्पांनी झकास व्यासपीठ उभं केलं. वर चटई, चटईवर खुर्च्या. गवंडी विटा मागायला आला तर त्याच्यावर डाफरले, "आरं, पावनं बसायच्या आधी ष्टेज मोडत्यात व्हय?" त्या बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं, पण डाफरणं कळलं. आणि आम्ही बाकीचे अकरा शहाणे? टाळ्या वाजवायची सवय आम्ही गावाहून बरोबर नेलीच होती.

साहेब उगवले आठव्या दिवशी. दोन तास भाषणं झाली, त्यात माझंही होतं. उरलेल्या वेळात भिंती कमरेपर्यंत आल्या आणि विमानाची वेळ झाली. मुख्याध्यापिकेनं इंग्रजीत विचारलं, "बाकीचं कधी?" आप्पा मला म्हणाले, "सांगा त्यास्नी, पुढल्या वर्षी येतोच की." मी सांगितलं. पुढल्या वर्षी गट दुसऱ्याच देशाला गेला. केडगावात मात्र 'परदेशात संडास बांधणारे' म्हणून आमचा जंगी सत्कार झाला. शाल मीही घेतली.

नंतर मुख्याध्यापिकेचा मेसेज आला. त्या भिंतींच्या आडोशाला आता सरपण रचतात. नीमा शाळेत येत नाही. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. याची लाज मला अजून वाटते.

आप्पांना ते मी सांगितलं नाही. अर्धांगवायूनं ते आता अंथरुणाला खिळलेत. भेटायला गेलो की मला जवळ बसवून घेतात, चांगला हात माझ्या हातावर ठेवतात. फेट्यांबद्दल, साहेबांबद्दल चकार शब्द नाही. दर वेळी एवढंच विचारतात, "ती उंच पोरगी जाती का वो साळंत?"

मी या माणसावर चिडलेलो आहे, आणि तो राग जाईल असं वाटत नाही.

"जाते," मी म्हणतो.