उणे हजार आणि सायत्रा

आमच्याकडे ताडोब्याच्या रस्त्यावर कोणाला काही दिसलं, की पहिलं हसणारी मी. भूत, भानामती, अंगात येणं — मला यातलं काहीच पटत नाही. अजूनही पटत नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी फक्त घडलं तसं सांगते.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. चंद्रपूरला, जटपुरा गेटच्या आत एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं काम चालायचं. गावोगावची जुनी कोतवाल बुकं स्कॅन करायची आणि सॉफ्टवेअरकडून ती वाचून घ्यायची. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. माझ्याकडे होती एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली बुकं. मी सर्व्हर सांभाळायची. एप्रिल महिना, एसी कधी चालू कधी बंद... चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

त्याच मार्चमध्ये बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आम्ही ढीवर, मूळचे आरमोरीच्या खाली वैनगंगेच्या काठचे. डॉक्टर माझ्याशी स्पष्ट बोलले होते. ते ऐकून मी गाडी काढून सरळ ऑफिसला आले, डबा खाल्ला आणि कामाला लागले. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. दात काढल्यावर गाल कसा परका होतो, तसं.

बाबांची एकच इच्छा होती. त्यांना एक मोठी बहीण होती, तिचं नाव कळावं.

ते पाच महिन्यांचे असताना पूर आला. आजी दोन्ही लेकरं घेऊन डोंग्यात बसली, पण डोंग्यात माणसं जास्त झाली आणि पाणी काठावरून आत यायला लागलं. कोणीतरी उतरायलाच हवं होतं. पोरगी चार वर्षांची, तिला फांदी धरून बसता येत होतं. तान्ह्याला येत नव्हतं. आजीनं तिला एका झाडावर बसवलं, घडीभरात येऊन नेते म्हणाली. परत गेले तेव्हा झाड नव्हतं.

आजीनं ती मेली असं कधी मानलं नाही. मृत्यूची नोंद करू दिली नाही, घरात नाव घेऊ दिलं नाही. गाव नंतर वर हललं, त्या वेळची माणसं एकेक करून गेली, आजी पण गेली. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पूर्वजांची नावं घेऊन पानं वाढतात, पाणी सोडतात. आजी गेल्यापासून बाबा एक जास्तीचं पान वाढायचे. त्या पानापाशी आले की नुसते गप्प बसायचे.

आता सर्व्हरचं सांगते, थोडं सहन करा. मशीनची मेमरी भरली की सिस्टीम स्वतःच एखादं काम मारते, म्हणजे बाकीची जगतात. कोणाला मारायचं ते ती आकड्यांवरून ठरवते, आणि तो आकडा आपल्याला खालीवर करता येतो. अधिक हजार लावला तर ते काम सगळ्यात आधी मरतं. उणे हजार लावला तर त्याला हातच लावायचा नाही, काहीही होवो. आमची मेमरी रोज भरत होती, त्यामुळे हे आकडे लावायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेसला मी उणे हजार लावले. तो मेला तर आठवड्याभराचं काम बोंबललं असतं. बाकी बुकांची कामं शून्यावर ठेवली.

एक बुक मात्र फार मेमरी खात होतं. पानं पाण्यानं फुगलेली, शाई पसरलेली, सॉफ्टवेअर एकेका ओळीवर अडकायचं. ते आमच्याच गावचं होतं. यादीत गावाचं नाव मी वाचलं होतं. तरी त्याला अधिक हजार मीच लावले. हिशेब साधा होता, ते मेलं तरी उद्या पुन्हा सुरू करता आलं असतं.

पहिल्या दिवशी सकाळी अकरा-चाळीसला मेमरी भरली. मेलं ते राजुऱ्याकडच्या एका गावाचं काम. शून्यवालं. आमच्या गावचं चालूच. मला वाटलं आकडा लागलाच नसेल. तपासला, अधिक हजार होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, पुन्हा दुसरंच गाव मेलं. आमचे सुपरवायझर मडावी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमी अधिक-उणं उलटं लावलं असन."

मी म्हटलं, बघा. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग मी मशीन बंद करून चालू केली, त्यांच्या डोळ्यांदेखत सगळे आकडे परत लावले.

तिसऱ्या दिवशी अकरा-चाळीसला डेटाबेस मेला.

ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी सांगते... कोणी हातानं बंद केला नाही, वीज गेली नाही. मशीन स्वतःच्या नोंदी लिहिते त्या लॉगमध्ये ओळ स्वच्छ होती — मेमरी संपली, म्हणून डेटाबेस मारला, आकडा उणे हजार. सिस्टीम अशी ओळ लिहीतच नाही. लिहूच शकत नाही. मडावी सरांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "जेवून घ्या मॅडम, मंग पाहू."

डेटाबेस गेला तशी मेमरी मोकळी झाली आणि आमच्या गावचं बुक शेवटपर्यंत वाचून झालं. मी फाईल उघडली. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव शोधलं. सापडलं. जन्म, मुलगी, जात ढीवर. आणि त्यापुढे एक शब्द — सायत्रा.

मी स्कॅन काढून पाहिला. ओळ होती, आजोबा होते, 'मुलगी' होतं. त्यापुढे काही नव्हतं. डाग नाही, पुसट रेघ नाही. त्या बुकात जन्माच्या पानावर लेकराच्या नावाचा रकानाच नव्हता. तेव्हा कुठे लगेच नाव ठेवायचे! बाकीच्या शेकडो ओळींपुढेही काही नव्हतं. आणि सॉफ्टवेअरला 'सावित्री' माहीत होतं. 'सायत्रा' हे आमच्या झाडीपट्टीच्या बोलीतलं रूप त्याच्या शब्दांच्या यादीतच नव्हतं, मी नंतर शोधलं. मूळ बुक मागवून भिंगानं पाहिलं. कोरं.

ऑफिसनं डेटाबेस मेल्याचं कारण लेखी मागितलं. मी लिहिलं, कारण समजले नाही. मडावी सरांनी पण खाली सही केली.

अखजीला घरी गेले. नाव खरं की खोटं, सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून सांगावं की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी बाबांना सगळंच सांगितलं. आकडे, उणे हजार, कोरी ओळ, सगळं. आणि त्या बुकाला आधी मार असं मीच सांगितलं होतं, हेही. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. मला वाटलं, कळलं नसेल.

दुपारी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. बाबांनी एकेक नाव घेऊन पाणी सोडलं. आजोबा झाले, आजी झाली. शेवटच्या पानापाशी आले. ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "सायत्रा." पहिल्यांदाच. मग हात तसाच राहिला. पाणी बोटांतून गळून त्यांच्याच धोतरावर गेलं.

मी म्हटलं, बाबा, पाणी सोडा ना.

"नाई बाई," ते म्हणाले. "मायनं तिले फांदी धर म्हनलं होतं. सोड नोती म्हनली."

तेव्हा मला रडू आलं. मार्चनंतर पहिल्यांदा.

बाबा त्याच पावसाळ्यात गेले. लॉगची प्रिंट माझ्याकडे आहे. पुण्याच्या, हैदराबादच्या ओळखीच्यांना दाखवली. सगळे म्हणतात, असं होत नाही. मीही तेच म्हणते. यंदा अखजीला बाबांचं पान मी वाढलं, नाव घेऊन पाणी सोडलं. शेजारी सायत्राचं पान वाढलं, आणि तिला नुसती हाक मारली, जेवायला बोलावतात तशी.