बारा बिऱ्हाडांचा टी-सेट

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. मी इंग्लंडात लेस्टरला निघाले त्या दुपारी मात्र आईने दार लावून घेतलं आणि वर कडीही घातली. बाहेर गॅलरीत तुमची येजा चालू होती, कोणी खाजं आणलं होतं, कोणी मेतकूट. आत आई माझ्या स्वेटरांच्या बाह्यांत एकेक कप सरकवत होती. सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, सगळ्यांना बारीक सोनेरी काठ. बॅगेची चेन ओढताना ती एवढंच म्हणाली, “थंय कोण इला तर ह्याच कपातसून चाय दी.” मग तिने दार उघडलं आणि मी तुम्हा सगळ्यांच्या पाया पडून निघाले.

हे मी लालबागच्या आपल्या मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांना लिहिते आहे. जे आता नव्या टॉवरमध्ये राहायला चाललात त्यांना, आणि माझ्यासारखे डोंबिवली, दुबई करत पांगले त्यांनाही. ग्रुपवर एवढं लांबलचक कोणी वाचत नाही, ठाऊक आहे. तरी वाचा.

नंतरच्या पोरांना हा सेट माहीत नसेल. गिरगावातल्या एका वाडीतलं ख्रिस्ती कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं होतं आणि घरातल्या वस्तू विकत होतं. माझे बाबा जवळच्याच छापखान्यात कामाला होते, त्यांनी खबर आणली. मुली बघायला येणाऱ्यांपुढे स्टीलचे पेले ठेवायची सगळ्यांनाच लाज वाटायची, म्हणून बारा बिऱ्हाडांनी वर्गणी काढून सेट घेतला. काचेचं शोकेस फक्त आमच्याकडे होतं आणि आईचा हात जपणारा, त्यामुळे तो राहिला आमच्या खोलीत. ज्या घरी पाहुणे त्या घरी तो ट्रेमध्ये, वर टॉवेल झाकून, जायचा. टॉवेल कुठल्या दारात शिरला यावरून अख्ख्या मजल्याला बातमी लागायची. पाहुण्यांनी कौतुक केलं की मुलीच्या बापाने ‘घरचाच आहे’ म्हणायचं, हेही ठरलेलं. एका कपाला केसाएवढी चीर होती, तो कप त्या बापालाच मिळायचा.

कप कसा पारखायचा ते मला आईने शिकवलं. नखाने टिचकी मारायची. धड कप खणखणीत वाजतो, चीर गेलेला नुसता ठक्क करतो. या विद्येवर मी आज लेस्टरमध्ये भाव खाते. इथे रविवारी मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून जुनं सामान विकायला बसतात. आईवडील गेले की मुलं त्यांचे टी-सेट आणून टाकतात, कारण सोनेरी काठाचा कप मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही आणि डिशवॉशरमध्ये त्याचा काठ जातो. मी तळाचा शिक्का बघते, झाकण त्याच किटलीचं आहे ना बघते, कपाच्या कानाच्या सांध्यावरून बोट फिरवून गोंद लागतोय का तेही बघते. काठ झिजला असेल तर विकणारे ओशाळून भाव उतरवतात. मला नेमका तोच सेट हवा असतो. कोरा करकरीत सेट कोणीतरी आयुष्यभर कपाटात कोंडून ठेवलेला असतो, तो मला घरात नको वाटतो.

असे चौदा सेट झाले. नवरा म्हणतो, आता दुकान टाक. सगळ्यांत आळीपाळीने चहा होतो, फक्त आपला सेट वरच्या फळीवर असतो. कोणी विचारलं तर “माझ्या आईचा” असं मी बावीस वर्षं सांगत आले. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी बशी उलटी करून शिक्का वाचला आणि विचारलं, “घरचा आहे?” बाबा म्हणाले, “घरचाच.” तुम्हीही आपापल्या मुलींच्या वेळी हेच म्हणालात. पण तुमच्या विहिणींना तो पुढे कधी आठवला नाही, माझ्या सासूबाईंना आठवला. लेस्टरला निघायच्या आधी आठवडाभर त्यांचं चालू होतं, “तुमचा तो सेट ने हं तिकडे.” त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी लालबागला आले आणि आईकडे सेट मागितला. तिने शोकेसचं दार उघडलं. मग म्हणाली, “तुका व्हयो ना? घेवन जा.”

तिने तुम्हाला काय सांगितलं ते मला वीस वर्षं कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा चाळ पाडून झाली होती आणि आई भावाबरोबर कॉटन ग्रीनला भाड्याच्या खोलीत होती. आपल्या शेजारच्या कुंदाकाकी भेटायला आल्या. काकी, तुम्ही हसत हसतच बोललात, तुमच्यावर राग नाही. “तुझ्या आयशीने सेट फोडला आणि महिन्याभरात आमच्या संगीताला बघायला आले. काचेच्या ग्लासातून चा दिला गो त्यांना. तेव्हापासून मजल्याच्या पूजेचं सामानपण आम्ही आमच्याकडे हलवलं. म्हटलं, ह्यांच्याकडे काय टिकत नाय.” आत आई चपात्या लाटत होती, तो आवाज थांबला. मी मान खाली घालून चहा प्याले.

तुम्ही गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, “फळी कोसळली म्हणान सांगितलंय. मगे काय, चेडवान न्हेल्यान म्हणान सांगू?”

जिने इतकी वर्षं त्या सेटमधली एक बशी फुटू दिली नाही, ती लेकीचं नाव येऊ नये म्हणून सगळ्या मजल्यात वेंधळी ठरली. त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला. मग विमानात बसल्यावर रडू आलं आणि ते काही केल्या थांबेना.

आता टॉवरच्या चाव्या मिळाल्यात, पुढच्या महिन्यात सत्यनारायण आहे. आई म्हणते, मी यायची नाही, मला कॉटन ग्रीनच बरं. गुडघ्यांचं निमित्त सांगते. गुडघे ठणठणीत आहेत, रोज चालत बाजारात जाते. मी फोनवर म्हटलं, सेट घेऊन येते, सगळ्यांना खरं सांगू. ती म्हणाली, “फुटलो तो फुटलो. माका म्हातारपणी खोटारडी करू नको.” वेंधळी म्हणून तिने दिवस काढले, खोटारडी म्हणून तुमच्या शेजारी राहायला ती तयार नाही. म्हणून तिला न विचारता हे लिहिते आहे. कळल्यावर ती माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

सेट मी हातातल्या बॅगेतून आणते आहे. पूजेच्या दिवशी मोजून घ्या आणि ठेवायचा कोणाकडे ते तुम्ही ठरवा. इथे माझं स्वतःचं घर आहे, मागे बाग आहे, शेजारी भले आहेत. पण इथे मी काहीही सांगितलं तरी लोक मान डोलावतात. मला जाब विचारायचा हक्क असलेली माणसं फक्त तिकडे आहेत, त्यामुळे घर म्हटलं की मला अजून तुम्हीच आठवता.

एक विनंती आहे. आईला पूजेचं बोलावणं धाडा, कुंदाकाकी, तुम्ही स्वतः जा. आली तर ती म्हणेल, पोरीला काय ठाऊक, तिला वाटलं आपलाच आहे. माझ्यासाठी ती आणखी एकदा खोटं बोलेल. तिचं ऐकू नका. सेट सगळ्यांचा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तरी मी तो मागितला.